लिनक्सवर यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह आणि जुना एमओ ड्राइव्ह: वाचनालयातल्या तबकड्या पावसाआधी उतरवायच्या आहेत

अंत्रुज_वाचक
नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात तबकड्यांचं एक कपाट आहे. अंदाजे दीडशे सीडी-आर आणि साठेक डीव्हीडी-आर: स्मरणिकांची पानं, जुन्या फोटोंचे स्कॅन, कार्यक्रमांचं चित्रण. काही भजनांच्या ऑडिओ सीड्या, जत्रेतल्या नाटकांच्या व्हीसीड्या (व्हिडिओ सीड्या). शिवाय बंद झालेल्या एका छापखान्याने दिलेली साडेतीन इंची एमओ (मॅग्नेटो-ऑप्टिकल, म्हणजे लेझर आणि चुंबक दोन्हींवर चालणारी) कार्ट्रिज, काही २३० एमबीची, काही ६४० एमबीची, आणि त्यांचा यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह. मृग लागण्याआधी हे सगळं हार्ड डिस्कवर उतरवायचं आहे. खालच्या खणातल्या तबकड्यांवर पांढुरकी बुरशी दिसायला लागली आहे.

लॅपटॉपवर डेबियन १२ आहे, यूएसबीचा पातळ डीव्हीडी रायटर बाहेरून जोडतो. अडचणी अशा. ड्राइव्ह मध्येच गायब होतो आणि पुन्हा येतो. काही सीड्यांची प्रत शेवटपर्यंत जाते आणि अगदी टोकाला ‘इनपुट/आउटपुट एरर’ येते. व्हीसीडीतली मोठी डॅट फाइल कॉपीच होत नाही. एका सीडीवर तीन वेळा फाइली टाकल्याचं पेनने लिहिलं आहे, पण दिसतात फक्त शेवटच्या. एमओपैकी २३० वाली उघडतात, ६४० वाली नाहीत. कर्नेल (लिनक्सचा गाभा) म्हणतो की लॉजिकल सेक्टर साइझ डिव्हाइससाठी फार लहान आहे. कार्यालयातल्या दुसऱ्या संगणकावर फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच दुसरी प्रणाली) आहे, तिथे सीडीवरच्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

कशापासून सुरुवात करावी?

सत्तरी_टर्मिनल
आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाका. वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान.

आधी वीज. ड्राइव्ह गायब होण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळायचे, यूएसबी ३ मधून ९००. पातळ ड्राइव्ह तबकडी फिरवायला सुरुवात करतो त्या क्षणी यापेक्षा जास्त मागतो. व्होल्टेज खाली आलं की ड्राइव्हमधलं कंट्रोलर रीसेट होतं. एका खिडकीत कर्नेलचे संदेश दाखवणारी ‘डीमेसेज -डब्ल्यू’ (लिहिताना डी, एम, ई, एस, जी) चालू ठेवून तबकडी आत घाला. ‘रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ किंवा ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ अशी ओळ आली तर तबकडीला दोष देऊ नका. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लावा, किंवा दोन तोंडांची वाय केबल घेऊन दोन्ही तोंडं जोडा. केबल आखूड हवी. बिनअडॅप्टरच्या हबवर ड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क एकत्र जोडणं तर सरळच चुकीचं.

माझा सल्ला असा की जुन्या डेस्कटॉपमधला सव्वापाच इंची साटा डीव्हीडी रायटर मिळवा. मडगाव-म्हापशाच्या दुरुस्तीच्या दुकानांत असे पडून असतात. त्याला पाचाबरोबर १२ व्होल्टही लागतात, म्हणून यूएसबी-साटा कन्व्हर्टर घेताना १२ व्होल्टचा अडॅप्टर सोबत असलेलाच घ्या. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कसाठीचा पाच व्होल्टवाला चालणार नाही. पातळ ड्राइव्ह ठेवून द्या, पुढे लागेल. खराब तबकडीसाठी एक महाग ड्राइव्ह घेण्यापेक्षा वेगवेगळ्या बनावटीचे दोन साधे ड्राइव्ह जास्त कामाचे.

दुसरं, आपोआप माउंट होणं, म्हणजे आत घातल्या घातल्या तबकडीतल्या फाइली उघडल्या जाणं, बंद करा. ग्नोम डेस्कटॉप असेल तर मीडिया-हँडलिंगमधला ऑटोमाउंट ‘फॉल्स’ करा. नाहीतर खराब तबकडी आत गेल्या गेल्या डेस्कटॉप तिच्यावरची चित्रं वाचून लघुरूपं बनवायला जातो आणि ड्राइव्ह कित्येक मिनिटं अडकून पडतो.

‘एलएसबीएलके’ दिल्यावर डीव्हीडी ड्राइव्ह ‘एसआर०’ म्हणून दिसेल, एमओ ड्राइव्ह मात्र ‘एसडीबी’ किंवा ‘एसडीसी’सारखा, कारण कर्नेलच्या लेखी तो हार्ड डिस्कच्या जातीचा आहे. एसआर० वाचायला तुमचं खातं ‘सीडीरोम’ गटात असलं की पुरे. एमओसाठी मात्र स्वतःला ‘डिस्क’ गटात घालू नका, त्याने लॅपटॉपच्या मुख्य डिस्कवरही थेट लिहिण्याची परवानगी मिळते. तिथे सुडोच (त्या एका आज्ञेपुरते प्रशासकाचे अधिकार) वापरा, आणि आज्ञा देण्याआधी डिव्हाइसचं नाव दोनदा वाचा.

आणि प्रत्येक तबकडी आधी कोणत्या जातीची ते पाहा. ‘लिबसीडीआयओ-युटिल्स’ पॅकेजमधली ‘सीडी-इन्फो’ ही आज्ञा ट्रॅक किती, ऑडिओ की डेटा, व्हीसीडी आहे का, सेशन किती (म्हणजे किती वेळा लिहिली) हे सगळं सांगते. डीव्हीडीसाठी ‘डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो’. तुमच्या सहापैकी चार अडचणी जात न ओळखता सरसकट कॉपी केल्याने आलेल्या आहेत.

मेकफाइल_मडगाव
डेटा सीडी आणि डीव्हीडीबद्दल लिहितो. फाइली कॉपी करू नका, आधी अख्ख्या तबकडीची इमेज, म्हणजे एकाच फाइलीत जशीच्या तशी प्रत, घ्या. फाइली नंतर इमेजमधून काढता येतात, दहा वेळा काढल्या तरी तबकडीला धक्का लागत नाही.

हत्यार म्हणजे जीएनयू डीडीरेस्क्यू. डेबियनमध्ये पॅकेजचं नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ आहे. नुसत्या ‘डीडीरेस्क्यू’ नावाचं पॅकेज बसवलं तर दुसराच प्रोग्राम येतो, त्याचे पर्याय वेगळे आहेत.

पहिली फेरी: ‘डीडीरेस्क्यू -एन -बी २०४८ /डेव्ह/एसआर० स्मरणिका.आयएसओ स्मरणिका.मॅप’. बी २०४८ म्हणजे डेटा सीडी-डीव्हीडीचा सेक्टर, एका वेळी वाचला जाणारा तुकडा, २०४८ बाइटचा. एन म्हणजे खराब भाग खरवडत बसू नकोस, जे सहज येतं ते आधी घे. चांगली तबकडी इथेच संपते. काही राहिलं तर दुसरी फेरी: त्याच दोन फाइलींची नावं देऊन एनच्या जागी ‘-डी -आर ३’. डीमुळे कर्नेलची कॅश वगळून थेट वाचलं जातं, आर ३ म्हणजे हट्टी सेक्टरवर आणखी तीन फेऱ्या. तरी राहिलं तर मोठा आर द्या, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे वाचतो. कधीकधी ओरखड्याच्या पलीकडची बाजू अशी हाती लागते.

मॅप फाइल कधीही पुसू नका. कोणते सेक्टर आले आणि कोणते राहिले याची सगळी नोंद तिच्यात असते. वर दोन ड्राइव्ह ठेवा असं सांगितलंय ते याचसाठी. तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, तीच इमेज आणि तीच मॅप फाइल द्या, फक्त राहिलेले सेक्टरच वाचले जातील. प्रत्येक ड्राइव्हचं लेझर, फोकस आणि चुका दुरुस्त करण्याची पद्धत थोडी वेगळी असते, त्यामुळे एकाने सोडलेले सेक्टर दुसरा बऱ्याचदा वाचतो. मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं.

वेग कमी करून बघा: ‘इजेक्ट -एक्स ८’, मग ४. हा वेग तबकडी बाहेर काढली की विसरला जातो, पुन्हा द्यावा लागतो. सगळे ड्राइव्ह तो मानतात असंही नाही.

आता टोकाला येणारी एरर. ती खरी खराबी नसण्याची शक्यता मोठी आहे. ट्रॅक-ॲट-वन्स (एकेक ट्रॅक सुटा लिहायच्या) पद्धतीने लिहिलेल्या सीडीच्या शेवटी दोन रन-आउट सेक्टर असतात, त्यांत वाचण्यासारखं काही नसतं. ड्राइव्ह मात्र सीडीची लांबी त्यांना धरून सांगतो. कर्नेल पुढचं आधीच वाचून ठेवायला जातो, या दोन सेक्टरांवर आपटतो आणि कधीकधी त्यांच्या अलीकडचे चांगले सेक्टरही एररमध्ये ओढतो. ‘आयएसओसाइझ -एक्स /डेव्ह/एसआर०’ दिलं की फाइल सिस्टिमचे खरे सेक्टर किती ते कळतं. मॅप फाइलीतली खराब जागा त्या आकड्याच्या पलीकडे असेल तर इमेज पूर्ण आहे. अलीकडे असेल तर ‘-डी’ची फेरी द्या, बहुधा भरून निघेल.

खरोखर सेक्टर गेले असतील तर कोणती फाइल बाधली ते शोधा. इमेजची एक जादा प्रत करून डीडीरेस्क्यूच्या ‘फिल-मोड’ने राहिलेल्या जागांत एखादी खूण भरा, म्हणजे इतरत्र कुठे येणार नाही असा शब्द. मग ती प्रत माउंट करून सगळ्या फाइलींवर शब्द शोधणारी ‘ग्रेप’ चालवा. ज्या फाइलीत खूण सापडली ती फाटलेली. स्कॅनच्या सीडीवर असं एखादंच पान निघतं आणि ते छापील अंकातून पुन्हा स्कॅन करता येतं. अख्खी सीडी टाकून देण्याची गरज नसते.

म्हापसा_डीटीपी
एमओबद्दल. भाई, घाबरू नका, तुमच्या कपाटातला सर्वांत टिकाऊ माल तोच आहे. एमओवर लिहिताना लेझर तो ठिपका फार तापवतो आणि त्याच वेळी चुंबकीय क्षेत्र लावलं जातं. नेहमीच्या तापमानाला तो थर दिशा बदलत नाही. म्हणून स्पीकरजवळ ठेवल्याने एमओ पुसली जाते ही भीती निराधार आहे. वाचताना परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण किती वळलं तेवढंच पाहिलं जातं. बिघडतो तो ड्राइव्ह: भिंगावर धूळ बसते, आतले रबरी पट्टे आणि वंगण म्हातारं होतं. त्यामुळे ड्राइव्ह चालतोय तोवर एमओ आधी उतरवा, सीड्या नंतर.

साडेतीन इंचीच्या पिढ्या अशा: १२८, २३०, ५४०, ६४० एमबी, मग १.३ आणि २.३ जीबी. नवा ड्राइव्ह जुनी कार्ट्रिज वाचतो, उलट होत नाही. तुमची ग्यानबाची मेख इथे आहे: १२८, २३० आणि ५४० मध्ये सेक्टर ५१२ बाइटचा, ६४० पासून पुढे २०४८ चा. ‘ब्लॉकडेव्ह --गेटएसएस /डेव्ह/एसडीबी’ दिलंत की आत असलेल्या कार्ट्रिजचा आकडा येईल.

छापखान्यांत ६४० वाली बऱ्याचदा अशा ड्रायव्हरने फॉरमॅट केलेली असतात की फॅट ही (डॉस-विंडोजची) फाइल सिस्टिम स्वतःला ५१२ च्या सेक्टरची समजते. हार्डवेअर २०४८ चं. लिनक्सचा फॅट ड्रायव्हर हार्डवेअरपेक्षा लहान सेक्टर घेत नाही, म्हणून तुम्हाला तो संदेश दिसतो. डेटा शाबूत आहे. उपाय पुन्हा इमेजचाच. कार्ट्रिजवरची लिहिणं बंद करायची खिट्टी सरकवा, आत घाला, ‘डीमेसेज’मध्ये ‘राइट प्रोटेक्ट इज ऑन’ आलं का ते बघा. मग ‘डीडीरेस्क्यू -बी २०४८ /डेव्ह/एसडीबी एमओ.आयएमजी एमओ.मॅप’. २३० वाल्यांना बी द्यायची गरज नाही, ५१२ हेच त्याचं मूळ मूल्य. नंतर ‘माउंट -ओ लूप,आरओ एमओ.आयएमजी /एमएनटी’. लूप डिव्हाइस म्हणजे फाइललाच डिस्क म्हणून दाखवणारी सोय, तिचा सेक्टर ५१२ चा, त्यामुळे फॅटची तक्रार उरत नाही.

यात दोन वेगळे प्रकार सापडतील. काही कार्ट्रिजवर पार्टिशन टेबल नसतं, अख्खी डिस्क म्हणजेच फाइल सिस्टिम. ती वरच्या आज्ञेने लगेच उघडतात. ज्यांवर पार्टिशन आहे त्यांच्या टेबलातले आकडे २०४८ च्या सेक्टरांत मोजलेले असतात, आणि लूप त्यांना ५१२ च्या हिशेबाने वाचून भलत्याच जागी जातो. ‘एफडिस्क -बी २०४८ -एल एमओ.आयएमजी’ देऊन सुरुवातीचा सेक्टर बघा, त्याला २०४८ ने गुणा आणि माउंटला ‘ऑफसेट’ म्हणून द्या. सुरुवात ३२ असेल तर ऑफसेट ६५,५३६.

छापखान्यात मॅकिन्टॉश असेल तर आत एचएफएस, म्हणजे मॅकची जुनी फाइल सिस्टिम, निघेल. डेबियनच्या कर्नेलमध्ये ‘एचएफएस’ मोड्यूल आहे, फक्त वाचण्यापुरतं माउंट करा. पण लक्ष ठेवा: मॅकच्या जुन्या फाइलींना दोन भाग असतात, आणि जुने फाँट जवळजवळ पूर्णपणे रिसोर्स फोर्क या दुसऱ्या भागात राहतात. साध्या कॉपीने तो भाग गळतो आणि शून्य बाइटचा फाँट हाती येतो. ‘एचएफएसयुटिल्स’मधली ‘एचकॉपी -एम’ वापरा, ती दोन्ही भाग मॅकबायनरी या प्रकारच्या एकाच फाइलीत बांधून देते.

याच ओघात: त्या काळचा मराठी मजकूर युनिकोडमध्ये नाही. श्री-लिपी, आयएसएम अशा प्रणालींच्या फाँटमध्ये टाइप केलेली पानं त्या फाँटशिवाय उघडली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल बिघडली असं समजून कुणी ती पुसू नये. कार्ट्रिजवर फाँटचा फोल्डर असेल तर तो पानांइतकाच मोलाचा, आणि पीडीएफ किंवा पोस्टस्क्रिप्ट प्रत मिळाली तर ती सगळ्यांत आधी बाजूला काढा, कारण तिच्यात अक्षरांचे आकार बहुधा आतच असतात.

कार्ट्रिज बाहेर काढताना ‘यूमाउंट’, मग ‘इजेक्ट /डेव्ह/एसडीबी’. अडकली तर वीज बंद करून पुढच्या बारीक छिद्रात सरळ केलेली कागदाची पिन घाला. फिरत असताना कधीच नाही.

भजनी_ठेका
ऑडिओ आणि व्हीसीडी राहिल्या म्हणून.

ऑडिओ सीडीवर फाइल सिस्टिम नसतेच, त्यामुळे ती माउंट होत नाही आणि डीडीरेस्क्यूलाही दाद देत नाही. सेकंदाला ७५ सेक्टर, प्रत्येकात २३५२ बाइट आवाज. डेटा सीडीत याच २३५२ मधले २०४८ वापरून उरलेल्या जागेत जादा दुरुस्तीची सोय केलेली असते, ऑडिओत ती नाही. म्हणून एकदा वाचून विश्वास ठेवता येत नाही. ‘सीडीपॅरानोइया’ला मोठा बी द्या: तो प्रत्येक भाग एकावर एक चढवून वाचतो, जुळवतो आणि ट्रॅकगणिक वेगळी वेव्ह फाइल बनवतो. प्रगतीच्या पट्टीत मोठा व्ही दिसला तर तेवढा तुकडा दुरुस्त न होता सुटला. तो ट्रॅक दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. नंतर ‘फ्लॅक’ करून ठेवा. मूळ आवाज मिनिटाला १० एमबीच्या आसपास असतो, फ्लॅकने बराच आटतो आणि काही गमावत नाही. एमपी३ ऐकायला करा, जतन करायला नको. भजनाचं नाव, गायक, पखवाजाची साथ कुणाची हे वेष्टनावरून लगेच टॅगमध्ये भरा, वेष्टनं तबकड्यांआधी कुजतात.

व्हीसीडीतली ‘एव्हीसेक०१.डॅट’ कॉपी होत नाही ती सीडी खराब म्हणून नव्हे. चित्रणाचे सेक्टर मोड २ फॉर्म २ प्रकारचे असतात, त्यांत २३२४ बाइट माल असतो. माउंट केलेल्या सीडीवरून लिनक्स २०४८ चा साधा सेक्टर मागतो, ड्राइव्ह नकार देतो. दोन आज्ञांचं काम आहे. ‘सीडीआरडीएओ रीड-सीडी --रीड-रॉ --डेटाफाइल नाटक.बिन --डिव्हाइस /डेव्ह/एसआर० नाटक.टीओसी’ याने कच्ची प्रत येते. मग ‘व्हीसीडीइमेजर’ पॅकेजमधल्या ‘व्हीसीडीएक्सरिप’ला ती बिन फाइल दिली की एमपेग फाइली सुट्या होतात. चित्र ३५२ गुणिले २८८ चंच असणार. मोठं करून, नव्या कोडेकमध्ये बदलून ठेवू नका. मूळ एमपेग जसंच्या तसं ठेवा आणि फोनवर दाखवायला वेगळी प्रत करा. एका सीडीत साधारण ७४ मिनिटं मावतात, म्हणून तीन अंकी नाटक दोन-तीन तबकड्यांत असतं. अंकांचा क्रम फाइलीच्या नावातच घाला.

अंत्रुज_वाचक
सगळ्यांचे मनापासून आभार. अडॅप्टरवाला हब लावल्यावर ड्राइव्ह स्थिर झाला. ६४० वाली एमओ लूपने उघडली, पानं दिसली.

दोन गोष्टी अजून. तीन वेळा लिहिलेल्या त्या सीडीची डीडीरेस्क्यूने इमेज घेतली तर मध्ये मोठा पट्टा खराब दाखवतोय, वीस एमबीच्या वर. आणि इमेज माउंट केली तर आता शेवटच्या नव्हे, पहिल्याच फाइली दिसतात! दुसरं, बुरशी कशी पुसायची? एका ओळखीच्यांनी टूथपेस्ट सुचवली आहे.

सत्तरी_टर्मिनल
तो पट्टा खराब नाही. सीडीवर एक सेशन बंद करून दुसरं सुरू करताना मध्ये लीड-आउट, लीड-इन आणि थोडं अंतर सोडावं लागतं. पहिल्या सेशननंतर हे ११,४०० सेक्टर होतात, म्हणजे सुमारे २३ एमबी. त्यापुढच्या प्रत्येक सेशननंतर ६,९००, सुमारे १४ एमबी. तिथे तुमच्या कामाचं काहीच नाही. मॅप फाइलीत एक पट्टा २३ एमबीचा आणि एक १४ चा दिसत असेल तर हिशेब जुळला, वर आणि फेऱ्या देऊन ड्राइव्ह झिजवू नका.

फाइलींचं कोडं असं. खऱ्या सीडीवर लिनक्स ड्राइव्हला विचारून शेवटचं सेशन उघडतो. इमेजला विचारायला ड्राइव्ह नाही, म्हणून तो सोळाव्या सेक्टरवर पहिल्या सेशनचं मथळ्याचं पान वाचतो आणि तेच उघडतो. साधारणपणे नवं सेशन लिहिताना जुन्या फाइलींची यादी पुढे घेतलेली असते. तुमच्या सीडीवर ती घेतलेली नाही, त्यामुळे तिन्ही सेशन वेगवेगळी उघडावी लागतील. सीडी ड्राइव्हमध्ये असताना ‘झोरिसो -इनडेव्ह /डेव्ह/एसआर० -टीओसी’ द्या (झोरिसो लिहिताना एक्स, ओ, दोन आर, आय, एस, ओ). त्यात प्रत्येक सेशनपुढे ‘एसबीसेक्टर’ नावाचा आकडा येतो. इमेज माउंट करताना ‘-ओ लूप,आरओ,एसबीसेक्टर=’ आणि तो आकडा. तीन आकडे, तीन फोल्डर. हे आकडे इमेजच्या शेजारी साध्या मजकूर फाइलीत लिहून ठेवा, नाहीतर नंतर इमेज उघडणाऱ्याला मागची सेशन आहेत हे कळणारही नाही.

टूथपेस्ट नको. तिच्यात घासणारी पूड असते. ती ओरखडा बुजवत नाही, सगळा पृष्ठभाग खरवडते. आधी इमेज घ्या, जी तबकडी नीट वाचली तिला हातच लावू नका. जी वाचत नाही तिच्यावरची धूळ फुंकणीने उडवा, मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचं कापड डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओलं करून मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल कधीच नाही. मधून कडेकडे गेलेला बारीक ओरखडा ट्रॅकला आडवा जातो, थोडेच बाइट बाद होतात आणि दुरुस्तीची सांकेतिक रचना ते भरून काढते. ट्रॅकच्या दिशेने गेलेला तेवढाच ओरखडा सलग डेटा खातो. चिवट डागाला आयसोप्रोपिल अल्कोहोल. नेलपॉलिश काढायचा द्रव, पेट्रोल, काचेचं क्लीनर नको.

सीडीची चमकणारी वाचायची बाजू १.२ मिलिमीटर जाड आहे, डेटा तिच्या पलीकडे, नावाच्या बाजूला लाखेच्या पातळ थराखाली. म्हणून बुरशी नावाच्या बाजूला असेल तर तिथे कापड अगदी हलकं, अल्कोहोल नाही, आणि चिकटवलेलं लेबल ओढून काढायचंच नाही, त्याबरोबर परावर्तक थर निघून येतो. डीव्हीडीत डेटा ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असतो, ती त्या बाबतीत सुरक्षित. तिच्या कडेचा सांधा मात्र दमटपणात सुटू लागतो. कडेने ढगाळ कड दिसली तर तिला रांगेत पुढे घ्या, आणि अशी तबकडी वाकवू नका.

एसीच्या खोलीतून पावसाळी हवेत आणलेल्या ड्राइव्हच्या भिंगावर दव धरतं. अर्धा तास थांबून मग चालू करा.

डेमन_पेडणे
फ्रीबीएसडीचं राहिलं. तिथे डीव्हीडी ड्राइव्ह ‘सीडी०’, एमओ ‘डीए०’. ‘कॅमकंट्रोल डेव्हलिस्ट’ दोन्ही दाखवतं. प्रश्नचिन्हं येतात कारण विंडोजने लिहिलेली नावं जोलिएटमध्ये (सीडीवर लांब नावं ठेवण्याची विंडोजची पद्धत) युनिकोडने असतात आणि माउंट करताना ती कशात बदलायची ते सांगितलेलं नाही. ‘सीडी९६६०_आयकॉन्व्ह’ मोड्यूल ‘केएलडीलोड’ने चढवा आणि ‘माउंट_सीडी९६६०’ला मोठा सी देऊन पुढे यूटीएफ-८ लिहा. लिनक्सवर याचा जोडीदार म्हणजे ‘आयओकॅरसेट=यूटीएफ८’. डेबियनवर बहुधा आपोआप होतं, इतरत्र सांगावं लागतं.

‘डीडी’ वापरलीत तर ‘बीएस’ २०४८ किंवा त्याच्या पटीत द्याच. लिनक्स कमी दिलं तर सांभाळून घेतो, फ्रीबीएसडी ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून परत पाठवतो. डीडीरेस्क्यू तिथेही आहे आणि मॅप फाइल तीच चालते, म्हणजे डेबियनवर अर्धवट राहिलेली इमेज त्या संगणकाच्या ड्राइव्हवर पूर्ण करता येईल. कुणी ओपनबीएसडीवर हे करत असेल तर अख्खी तबकडी म्हणजे ‘सीडी०सी’. पीसीवरच्या नेटबीएसडीत ‘सीडी०डी’.

मेकफाइल_मडगाव
जागेचा हिशेब: दीडशे सीड्या काठोकाठ भरलेल्या धरल्या तरी १०५ जीबी, साठ डीव्हीड्या २८२ जीबी. एमओ त्यात किरकोळ. एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या, एक वाचनालयात, एक दुसऱ्या गावी कुणाच्या तरी घरी. प्रत्येक इमेज पूर्ण झाल्या झाल्या ‘एसएचए२५६सम’ (फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा) काढून यादीत टाका आणि फाइल फक्त वाचण्यापुरती करा. पुढे वर्षातून एकदा, चतुर्थीनंतर हवा थोडी कोरडी झाली की, ‘एसएचए२५६सम -सी’ चालवून दोन्ही डिस्क तपासा.

तिसरी प्रत तबकडीवरच हवी असेल तर २५ जीबीची बीडी-आर (एकदाच लिहायची ब्लू-रे तबकडी) घ्या, आणि सेंद्रिय रंगाच्या थराची एलटीएच जात टाळा. त्यासाठी ब्लू-रे लिहिणारा ड्राइव्ह लागेल. इमेज मोठ्या असल्या तर ‘झोरिसो’ने आयएसओ बनवताना ‘आयएसओ-लेव्हल ३’ द्या, त्याशिवाय ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. ‘ग्रोआयएसओएफएस’ कोऱ्या बीडी-आरवर आधी राखीव जागा आखतो आणि ड्राइव्ह लिहिता लिहिता तपासत जातो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. ते बिघाडाचं लक्षण समजू नका, चालू द्या. लिहून झाल्यावर तबकडी बाहेर काढून पुन्हा आत घाला, म्हणजे तपासणी कॅशमधून होणार नाही. वाचताना सेक्टरांची संख्या मूळ आयएसओइतकीच ठेवा: ‘डीडी’ला ‘बीएस=२०४८’ आणि ‘काउंट’मध्ये आयएसओचा आकार भागिले २०४८. तसं केलं नाही तर शेवटी भरलेले कोरे सेक्टरही मोजले जातात आणि बेरीज जुळत नाही.

यूपीएस लावूनच लिहा. वाचताना वीज गेली तर मॅप फाइल सांभाळते, लिहिताना गेली तर ती बीडी-आर वाया जाते.